डिसेलरेट कधी, स्लो डाउन कधी आणि ‘लेस द स्पीड’ का नको

डिसेलरेट म्हणजे हळू जाणं, असं बहुतेक जण पाठ करून टाकतात आणि मग तिथून पुढे सगळा घोळ सुरू होतो. डिसेलरेट म्हणजे वेग कमी होत जाणं. एक्सप्रेसवेवर शंभरने चाललेली गाडी नव्वदवर आली तर ती डिसेलरेट झाली, भले नव्वद हा काही हळू वेग नाहीये. आणि लक्ष्मी रोडला गणपतीच्या गर्दीत सगळा वेळ ताशी पाचने सरकणारी गाडी अजिबात डिसेलरेट होत नाहीये, ती नुसतीच स्लो आहे. वेग किती आहे याच्याशी या क्रियापदाला देणंघेणं नाही, तो उतरतोय का एवढंच त्याला बघायचंय. हे एकदा डोक्यात बसलं की फिजिक्सचा पेपर असो, पेपरातली जीडीपीची बातमी असो की इंटरव्ह्यू, शब्द चुकत नाही.

शब्द तसा फार जुना नाही बरं का. ॲक्सेलरेट इंग्लिशमध्ये कित्येक शतकं आहे, डिसेलरेट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी त्याच्यावरूनच बनवला. मुळाशी लॅटिनमधला सेलर, म्हणजे वेगवान. म्हणूनच ‘डीॲक्सेलरेट’ म्हणायची गरज नसते, ते ॲक् काढून टाकून तिथे डी बसवलाय. पुण्यात वर्कशॉपमध्ये, टेस्टिंगवाल्यांमध्ये डीॲक्सेलरेशन सर्रास ऐकू येतं आणि समोरच्याला कळतंही, पण रिपोर्टमध्ये लिहू नका. स्पेलिंगची पण तीच गोष्ट, ॲक्सेलरेटमध्ये सी दोनदा येतो, डिसेलरेटमध्ये एकदाच, आणि एल दोन्हीकडे एकच. उच्चार करताना डी जरा लांब आणि जोर ‘से’वर, डी-से-ल-रेट, शेवटचा रेट स्पष्ट. आपण मराठीत सगळ्या अक्षरांना सारखा जोर देतो त्यामुळे आपलं डिसेलरेट सपाट ऐकू येतं, फार काही बिघडत नाही, पण परदेशी क्लायंटच्या कॉलवर ‘से’ जरा ठासून म्हटला तर दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता वापर. गाडी आपोआप किंवा स्वतःहून मंदावते तेव्हा पुढे कर्म लागत नाही: ‘द बस डिसेलरेटेड ॲज इट अप्रोच्ड द सिग्नल.’ ड्रायव्हरने मुद्दाम केलं तर कर्म लावता येतं, ‘द ड्रायव्हर डिसेलरेटेड द बस’, व्याकरणात चूक नाही, पण कानाला जरा टेक्निकल लागतं, साधा माणूस ‘स्लोड द बस डाउन’ म्हणेल. कितीवरून कितीवर हे सांगायचं तर फ्रॉम आणि टू: ‘डिसेलरेटेड फ्रॉम 80 टू 40’. पूर्ण थांबली तर ‘डिसेलरेटेड टू अ स्टॉप’. आणि किती झपाट्याने ते सांगायचं तर ॲट: ‘डिसेलरेटेड ॲट 3 मीटर्स पर सेकंड स्क्वेअर्ड’. डिसेलरेटच्या पुढे डाउन लावायचा नाही, खाली येणं त्या डीमध्येच आलंय, ‘डिसेलरेट डाउन’ म्हणजे गोल सर्कल.

ते ॲट नंतरचं प्रकरण इंजिनिअरिंगच्या पोरांनी नीट बघा, कारण तिथे आकडा येतो. ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. ही गाडी एकसारखी मंदावत 5 सेकंदांत थांबली तर दर सेकंदाला 3 मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी झाला, म्हणजे डिसेलरेशन 3 मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि थांबेपर्यंत ती साडेसदतीस मीटर गेली. आता तीच गाडी 90 ने येऊ द्या, म्हणजे सेकंदाला 25 मीटर, आणि ब्रेक तेवढाच, डिसेलरेशन तेच 3. थांबायला साधारण 104 मीटर लागतात. वेग दुप्पटही झाला नाही पण अंतर जवळपास तिप्पट, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. इंटरव्ह्यूत हे विचारतात, आणि विचारलं नाही तरी बंगळुरू हायवेला पुढच्या ट्रकला चिकटून चालवणाऱ्यांनी एकदा कागदावर करून बघावं.

पुण्यात हा शब्द पोटापाण्याचा पण आहे. पौड रोडच्या वरच्या टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था 1966 पासून आहे, पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात गाड्या बनतात, त्यामुळे ब्रेक टेस्टचे रिपोर्ट वाचायची वेळ इथल्या पोरांवर येतेच. त्यात एमएफडीडी नावाचं प्रकरण दिसतं, मीन फुली डेव्हलप्ड डिसेलरेशन. ब्रेक दाबल्या दाबल्या लगेच पूर्ण जोर येत नाही आणि शेवटी थांबताना पण आकडा हलतो, म्हणून सुरुवातीच्या वेगाच्या 80 टक्क्यांपासून 10 टक्क्यांपर्यंतचा मधला भाग धरून सरासरी काढतात. अशा ठिकाणी स्लोइंग डाउन लिहिलं तर चालत नाही, तिथे डिसेलरेशनच, कारण ती मोजायची गोष्ट आहे. मोजमाप असेल, ग्राफ असेल, युनिट असेल तर डिसेलरेट. माणूस माणसाशी बोलत असेल तर स्लो डाउन. ऐंशी टक्के वेळा एवढ्यावर काम भागतं.

आता शाळेतला एक जुना गुंता. मराठी मीडियमवाल्यांनी त्वरण, ऋण त्वरण, अवत्वरण, मंदन हे सगळं एकाच धड्यात वाचलेलं असतं आणि डोक्यात बसतं की ऋण त्वरण म्हणजेच मंदन. बऱ्याच वेळा असतंही, पण नेहमी नाही. पुण्याहून लोणावळ्याकडे ही आपण धन दिशा धरली समजा. लोणावळ्याहून पुण्याला येणारी लोकल शिवाजीनगरच्या जवळ मंदावतेय. तिचा वेग ऋण आहे, आणि तो शून्याकडे चाललाय, म्हणजे त्वरण धन आलं. तरी गाडी डिसेलरेटच होतेय, प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतंयच. चिन्ह फक्त दिशेचं असतं. वेग आणि त्वरण एकमेकांच्या उलट असले की डिसेलरेशन, मग चिन्ह काहीही असो. चेंडू वर फेकला तर वर जाताना तो डिसेलरेट होतो आणि खाली येताना ॲक्सेलरेट, पण त्वरण दोन्ही वेळी तेच, 9.8, खालच्या दिशेला. जेईई-सीईटीवाल्यांचे मार्क इथेच जातात.

याच धड्यात अजून एक शब्द येतो, रिटार्डेशन. आपल्याकडच्या फिजिक्सच्या पुस्तकांत आणि क्लासच्या नोट्समध्ये तो बिनधास्त आहे, अर्थ तोच, आणि पेपरात लिहिला तर काही अडचण नाही. पण अमेरिकन माणसाशी बोलताना तो सरळ टाळा, कारण त्याचं नामरूप तिकडे मतिमंद माणसासाठीची शिवी झालंय आणि आता फार वाईट समजतात. ‘द कार इज रिटार्डिंग’ असं कॉलवर म्हटलंत तर पलीकडे दोन सेकंद शांतता पसरेल आणि तुम्हाला कळणारही नाही का. मजा म्हणजे यंत्रांच्या जगात शब्द व्यवस्थित जिवंत आहे. बस-ट्रकला घाट उतरताना ब्रेकवरचा भार कमी करायला रिटार्डर असतो, आरएमसी प्लँटवाले, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणारे, ते लवकर सेट होऊ नये म्हणून रिटार्डर टाकतात, आणि एअरबसची विमानं उतरताना धावपट्टी अगदी जवळ आली की कॉकपिटमध्ये आवाज येतो, ‘रिटार्ड, रिटार्ड’, म्हणजे थ्रस्ट लिव्हर मागे घ्या. पायलटला कोणी शिव्या देत नसतं. तर वस्तूचं नाव म्हणून चालेल, क्रियापद म्हणून तोंडात नको.

आता खऱ्या रोजच्या बोलण्याकडे येऊ, कारण जास्त चुका तिथे होतात आणि त्याचं कारण इंग्लिश नाही, आपली मराठीच आहे. आपण स्लो हा शब्द मराठीत घेतला आणि हळूला जिथे जिथे वापरायचो तिथे तिथे चिकटवला. पंखा स्लो कर, टीव्ही स्लो कर, गॅस स्लो कर, स्लो बोल रे बाळ झोपलंय. मराठीत हे एकदम बरोबर आहे आणि बदलायची काही गरज नाही. पण इंग्लिश बोलताना यातलं फक्त पंख्याचं थोडंफार चालतं, कारण पंखा खरोखर फिरतो. टीव्ही स्लो केला तर इंग्लिश माणसाला वाटेल सिनेमा स्लो मोशनमध्ये लावायचाय. आवाज, आच, पंखा, एसी, या सगळ्यासाठी एकच जोडी लक्षात ठेवा, टर्न डाउन. ‘टर्न द टीव्ही डाउन’, ‘टर्न डाउन द फ्लेम’, ‘टर्न द फॅन डाउन’. बाळ झोपलंय म्हणून हळू बोल म्हणजे ‘कीप युअर व्हॉइस डाउन’ किंवा ‘स्पीक सॉफ्टली’. आणि मला समजत नाहीये, भराभर बोलू नकोस, हे असेल तेव्हा ‘स्पीक स्लोली’. आपला हळू दोन्हीकडे चालतो, त्यामुळे आजी ‘हळू बोल’ म्हणाली तर ती वेगाबद्दल बोलतेय की आवाजाबद्दल हे आपण तिच्या चेहऱ्यावरून ओळखतो. इंग्लिशमध्ये चेहऱ्याची सोय नाही, शब्दच निवडावा लागतो.

हिंजवडीत रोज कॉलवर असणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. समोरचा क्लायंट सुसाट बोलतोय आणि त्याला थांबवायचंय. ‘प्लीज बी स्लो’ असं म्हणू नका. माणसाला स्लो म्हणणं म्हणजे तो मठ्ठ आहे असं म्हणणं. ‘ही इज स्लो’ याचा अर्थ तो हळू चालतो असा क्वचितच घेतात, त्याला कळायला वेळ लागतो असाच घेतात. ‘स्लो स्लो बोला’ याचं ‘स्पीक स्लो स्लो’ पण नको, आपल्याला शब्द दोनदा म्हणायची सवय आहे, हळूहळू, सावकाश सावकाश, पण तिकडे ते विचित्र वाटतं. आणि नुसतं ‘स्लो डाउन!’ म्हटलं तर दरडावल्यासारखं होतं, आईने पोराला म्हणावं तसं. ‘सॉरी, कुड यू स्लो डाउन अ बिट?’ एवढं पुरे. त्यातला अ बिट महत्त्वाचा आहे, सगळी धार तो काढून घेतो.

डाउन कुठे ठेवायचा हे पण इथेच सांगून टाकतो. ‘स्लो डाउन द कार’ आणि ‘स्लो द कार डाउन’ दोन्ही बरोबर. पण नावाच्या जागी इट, हिम, देम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे, ‘स्लो इट डाउन’. ‘स्लो डाउन इट’ कधीही नाही. नियम का असा, हे विचारत बसू नका, टर्न इट डाउन पण तसंच, जिभेला सवय लावा झालं.

‘लेस द स्पीड’ बद्दल एकच सांगतो. लेस हे क्रियापद नाहीये. आपण मराठीत ‘बिलातून लेस केले’, ‘स्पीड लेस कर’ असं करून करून ते क्रियापद बनवलंय. रिड्यूस म्हणा, ‘रिड्यूस युअर स्पीड’, हे पाटीवर छान दिसतं. पुढे.

गाडी चालवताना आपण खरं तर वेगळंच बोलतो. रेस सोड. रेस कमी कर. ॲक्सलेटर सोड. कच्चकन ब्रेक मारला. गाडी स्लो घे. प्रत्येकाला इंग्लिशमध्ये तयार शब्द आहे आणि एकालाही डिसेलरेट नाही. रेस हळूच सोडणं म्हणजे ‘ईझ ऑफ द ॲक्सेलरेटर’, अमेरिकन असाल तर ‘ईझ ऑफ द गॅस’, आणि हा गॅस म्हणजे पेट्रोल, सिलिंडर नाही. कच्चकन ब्रेक मारणं म्हणजे ‘स्लॅम ऑन द ब्रेक्स’, नुसता ब्रेक मारणं म्हणजे ‘हिट द ब्रेक्स’ किंवा फक्त ‘ब्रेक’. इथे एक सापळा आहे. ब्रेक दोन आहेत, थांबवायचा आणि मोडायचा, उच्चार तंतोतंत सारखा, मराठीत लिहिले तरी सारखेच दिसतात. थांबवायच्या ब्रेकमध्ये ई शेवटी येतो, मोडायच्यात मध्ये. आणि भूतकाळ वेगळा, थांबवणारा ‘ब्रेक्ड’, मोडणारा ‘ब्रोक’. इन्शुरन्सच्या फॉर्मवर ‘आय ब्रोक सडनली’ लिहिणारे लोक आहेत, म्हणजे मी अचानक मोडलो. क्लेम पास करणारा बिचारा काय समजणार.

घाटातलं बोलणं अजून बारीक आहे. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येताना जो उतार आहे तिथे अवजड गाड्यांचे अपघात आपण वाचतच असतो, आणि कारण वारंवार एकच निघतं, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले आणि धरेनात. आपण म्हणतो ब्रेक फेल, पण तापून जोर कमी होत जाण्याला वेगळा शब्द आहे, ब्रेक फेड. गिअरमध्ये ठेवून रेस सोडली की इंजिनच चाकांना मागे ओढतं, त्याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात, आणि खालचा गिअर टाकण्याला डाउनशिफ्ट. ‘डाउनशिफ्ट अँड यूज इंजिन ब्रेकिंग’, हे वाक्य उतारावर ‘डिसेलरेट’पेक्षा शंभर पट कामाचं, कारण कसं कमी करायचं तेही त्यात आलं. आणि ते डिझेल वाचवायचं गणितही चुकीचंच आहे, आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनांमध्ये गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की इंधन बंदच होतं, त्याचं नावच डिसेलरेशन फ्युएल कट-ऑफ. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जातच राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेल जास्त जाळायचं, काय म्हणावं याला.

गाडीबाहेर हा शब्द सगळ्यात जास्त कुठे दिसतो तर अर्थकारणाच्या बातम्यांत, आणि तिथे शिकलेले लोक पण फसतात. ‘ग्रोथ डिसेलरेटेड फ्रॉम 8 परसेंट टू 6 परसेंट’ वाचलं की कट्ट्यावर लगेच, अर्थव्यवस्था खाली आली. खाली नाही आली. शंभराचे आधी एकशे आठ झाले आणि मग एकशे आठचे 114.48 झाले. वाढ चालूच आहे, वाढीचा वेग उतरला. खरंच आकसली असती तर ‘काँट्रॅक्टेड’ किंवा ‘श्रँक’ लिहिलं असतं. महागाईचं तर याहून मजेशीर. ‘इन्फ्लेशन डिसेलरेटेड’ अशी बातमी येते आणि मंडईत टोमॅटो घेणारी काकू म्हणते, कुठे काय स्वस्त झालंय? तिचं बरोबर आहे आणि बातमी पण बरोबर आहे. महागाई 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आली म्हणजे शंभराची वस्तू आधी 106 झाली, मग साधारण 110, भाव चढतोच आहे, फक्त चढण जरा कमी तिरपी झाली. याला डिसइन्फ्लेशन म्हणतात. भाव खरोखर उतरले तर ते डिफ्लेशन. बातमीचं मराठी करणाऱ्यांनी इथे ‘महागाई घटली’ लिहिण्यापेक्षा ‘महागाईचा वेग मंदावला’ लिहिलं तर काकूंचा अर्धा राग कमी होईल.

डॉक्टरांकडे पण हा शब्द भेटतो, गरोदरपणाच्या शेवटी बाळाच्या ठोक्यांचा जो सीटीजी नावाचा ग्राफ काढतात त्यात. बाळाचे ठोके साधारण मिनिटाला 110 ते 160 असतात, ते त्याच्या नेहमीच्या पातळीवरून काही काळ खाली येऊन परत वर जातात त्याला डिसेलरेशन म्हणतात आणि अर्ली, लेट, व्हेरिएबल असे प्रकार करतात. सगळे सारखे गंभीर नसतात, त्यामुळे रिपोर्टवर शब्द बघून घरी गूगल करत बसू नका, डॉक्टरलाच विचारा. आजाराची वाढ मंदावणारं औषध असेल तर मात्र तिथे डिसेलरेट नाही म्हणत, ‘स्लोज द प्रोग्रेशन ऑफ द डिसीज’ म्हणतात.

राहिल्या पाट्या, आणि पुण्यात पाट्यांवर बोलल्याशिवाय कसं चालेल. ‘वाहने सावकाश चालवा’ याला ‘ड्राइव्ह स्लोली’. ‘गो स्लो’ पण चालतं, आपल्याकडे सगळीकडे आहेच, पण पिंपरी-भोसरीच्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारा, गो स्लो म्हणजे त्याला आधी रस्ता नाही आठवणार, संप न करता मुद्दाम उत्पादन कमी काढायचं आंदोलन आठवेल, आणि ब्रिटिश इंग्लिशमध्ये पण तोच अर्थ आहे. सोसायटीच्या गेटवर ‘डेड स्लो’ असतं, ते घाबरवायला लिहिलेलं नाही, डेड म्हणजे इथे अगदी, पूर्णपणे, आणि जहाजाच्या इंजिनाला सगळ्यात कमी वेगाचा जो हुकूम देतात तो हाच. स्पीड ब्रेकर मात्र परदेशात म्हणाल तर काही जण गोंधळतील, तिकडे स्पीड बम्प किंवा हम्प म्हणतात, आणि आपले ते लागोपाठ खडखड करणारे रंबलर म्हणजे रम्बल स्ट्रिप्स. डिसेलरेट पाटीवर कुठेच लिहू नका. सोसायटीची नवीन पाटी करायची असेल तर सरळ ‘ताशी 10’ असा मोठा आकडा रंगवा, डिलिव्हरीवाल्या पोराला बाईकवरून तेवढंच वाचायला वेळ असतो.